अर्ध्या रानाची आंबील

“तुमच्या विद्यार्थिनीच्या डब्यात दही असतं का, एवढंच सांगा.”

पुण्याच्या एका मोठ्या संस्थेतल्या मॅडम हे भर सभागृहात, माईकवर, हसत हसत म्हणाल्या. विद्यार्थिनी म्हणजे मी. सभागृह आमच्याच संस्थेचं, सोलापुरातलं. मॅडम हसल्यावर समोरच्या दोन रांगा हसल्या आणि मग पाठीमागचे, ज्यांना विनोद कळलाही नव्हता, तेही हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाचव्या रांगेत बसले होते आणि माझ्या मांडीवर दोन वर्षांच्या नोंदींची वही होती.

माझ्या डब्यात दही कधीच नव्हतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असायची, आणि तीसुद्धा मी प्रयोगशाळेच्या बाहेर, जिन्याखालच्या कट्ट्यावर बसून खायची. मातीतले जिवाणू मोजणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. हात धुऊन, स्पिरिट लावून, ज्योतीशेजारी श्वास रोखून मी काम केलं होतं. कुणी मला मूर्ख म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. घाणेरडी म्हटलेलं मला सोसवलं नाही, आजही सोसवत नाही.

भांडण कशावरून होतं ते सांगते. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, आणि मी मिळून एक लेख प्रसिद्ध केला होता. अक्कलकोट तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या कोरडवाहू रानात ज्वारीच्या बुडाशी एक जिवाणू भरपूर सापडतो, असं आमचं म्हणणं होतं. तो दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंच्या जातकुळीतला. संस्थेच्या स्वतःच्या शेतावर तीच ज्वारी, तशीच काळी माती, पण तिथं तो औषधालाही नाही. सरांनी त्यावरून असा तर्क केला की आमच्याकडची ज्वारी पाऊस नसताना नुसत्या थंडीवर आणि दवावर उभी राहते, त्यात या जिवाणूचा हात असावा. लेखात ‘असावा’ होतं. सर भाषणात मात्र ‘आहे’ म्हणायचे. पुढं या जिवाणूची पावडर करून बियाण्याला चोळायला देण्याचा मोठा प्रकल्प सरांच्या डोक्यात होता, आणि तो मंजूर होण्याच्या बेतात होता.

मॅडमची माणसं त्याच गावांत जाऊन माती घेऊन आली होती. त्यांना काही म्हणजे काही सापडलं नाही. मग त्यांनी निष्कर्ष काढला की जिवाणू रानात नाही, सोलापूरच्या प्रयोगशाळेत आहे. म्हणजे माझ्या हाताला.

त्या दिवशी सर आणि मॅडम पाऊण तास इंग्रजीतून भांडले. जिवाणू वाढवायला खाद्य कोणतं वापरलं, किती तापमानाला ठेवलं, कुणाचं यंत्र नवं, कुणाचं जुनं. मॅडम म्हणाल्या की एका विद्यार्थिनीने मोजलेल्या आकड्यांवर एवढी इमारत बांधू नये. सर म्हणाले की आकडे दोन वर्षं, दोन वेळा, सारखेच आलेत आणि याहून पक्का पुरावा विज्ञानात नसतो. पुण्यात शिकलेले मॅडमकडून बोलले, इथले सरांकडून. चहाच्या वेळी तर टेबलाच्या या बाजूला एक पंगत आणि त्या बाजूला दुसरी, मध्ये बिस्किटांची ताटं. माती मी उकरली होती, पिशव्या मी भरल्या होत्या, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीने मी आले होते. पण मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. मी काय केलं असेल यावर मात्र सगळ्यांचं मत होतं.

सगळे गेल्यावर सरांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, “तू खरंच काळजी घेतली होतीस ना?” बाहेर माझी बाजू घेऊन भांडणारा माणूस आत येऊन हे विचारत होता. मी हो म्हणाले आणि त्यांच्या टेबलावर वही आपटून बाहेर पडले. आपटलेल्या वहीबद्दल मला दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली. ती मी मागितली, पण मनातून मुळीच नाही.

माझा सगळा प्रबंध याच्यावर उभा होता. पाचपैकी तीन प्रकरणं या एका जिवाणूची होती. तो डब्यातून आला असेल तर माझी चार वर्षं कचऱ्यात, आणि वर जन्मभराचं नाव, दहीवाली.

त्या आठवड्यात मी घरी गेले. आमचं गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. घरात आम्ही निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतो, आणि रागात कुठली भाषा येईल याचा नेम नसतो. अव्वा, म्हणजे माझी आई, सोप्यात बसून शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं ओकले. मॅडमचं हसणं, सरांचा प्रश्न, बिस्किटांची ताटं, सगळं. अव्वाचं शिक्षण चौथीपर्यंतचं. तिला प्रबंध म्हणजे काय हे मी कधी नीट सांगितलं नव्हतं. ती शेंगा फोडायचं काही थांबवत नव्हती, म्हणून मला तिचाही राग आला.

मग तिनं विचारलं, ते कसले जंतू म्हणायचे. मी म्हटलं, दह्याताकातले असतात ना, तसले.

“मग ते आंबिलीतले असतील की,” अव्वा म्हणाली. “तूच तर शिंपडलीस. दोनी वर्सं.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी सोप्यातून उठून परसात गेले.

आमच्याकडं मार्गशीर्ष संपताना जी अमावास्या येते, तिला येळ अमावस्या म्हणतात. त्या वेळी ज्वारी पोटरीत असते, कणीस अजून पानात लपलेलं असतं. रान म्हणजे काळी आई, ती त्या दिवसांत पोटुशी आहे असं आमची माणसं मानतात, आणि हे तिचं डोहाळजेवण. सगळं गाव ओस पडतं, सगळी माणसं रानात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड मांडून पुजायचे, भज्जी, उंडे, शेंगपोळी असा नैवेद्य दाखवायचा. आणि मडक्यातली आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबवलेली, ती लिंबाच्या डहाळीने सगळ्या रानाला शिंपडायची. त्याला चरग म्हणतात. कानडीत आरोळी देत, बांधाबांधाने, एकही कोपरा न सोडता. रानाच्या पोटात अन्न गेलं पाहिजे.

संस्थेतून मला सुट्टी मिळायची ती या अमावास्येला. त्या दिवशी काका, मामा, आत्याचे यजमान, सगळे आपापल्या रानात असायचे, त्यामुळं माती घेऊ का म्हणून दारोदार हिंडावं लागायचं नाही. मी दिवसभर त्यांच्या खोपीत जेवायची, घरोघरच्या आंबिलीच्या वाट्या रिचवायची आणि आमच्या रानात डहाळी हातात घेऊन स्वतः चरग शिंपडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच खुरपं आणि पिशव्या घेऊन मी त्याच रानांतून माती घ्यायची, कारण नऊच्या एसटीने सोलापूरला पोचलं की माती ताजी मिळायची. ताजी मातीच घ्यायची हा सरांचा दंडक. पहिल्या वर्षी असं केलं. दुसऱ्या वर्षी सर म्हणाले, तंतोतंत तसंच पुन्हा कर. मी तंतोतंत केलं. दोन वर्षं आकडे सारखे का आले, याच्याइतकं सोपं उत्तर माझ्या सगळ्या वहीत दुसरं नव्हतं.

वहीत ‘रानाची माहिती’ असं एक पान होतं. त्यात मी प्रत्येकाला विचारलेले प्रश्न होते. खत टाकलं का, औषध फवारलं का, पाणी दिलं का. सगळ्यांनी सांगितलं, न्हाय. ते खरंच बोलले. आंबील म्हणजे खत नव्हे, औषध नव्हे, पाणीही नव्हे. रानाला जेवू घातलं का, असा रकाना माझ्या पानात नव्हता.

मॅडमना हे माहीत असायचं कारण नव्हतं. सर नगरकडचे, त्यांनाही नव्हतं. मला माहीत होतं. मी दोन वर्षांची असल्यापासून मला माहीत होतं. आणि मी ते वहीत लिहिलं नाही, कारण संस्थेत सुट्टीच्या अर्जावर मी येळ अमावस्या असं कधी लिहिलंच नाही, ‘घरगुती कार्यक्रम’ लिहायची. दगडं पुजायला रानात जाते हे कळलं तर सर हसतील म्हणून. खेड्यातल्या चालीरीतींवर सर एरवीही कोपरखळ्या मारायचे आणि मी त्यावर हसायची. त्या हसण्याची किंमत मी परसात उभी राहून मोजली. त्या दिवशी मला स्वतःचा जेवढा राग आला, तेवढा मॅडमचाही आला नव्हता.

पण असं वाटणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. अव्वाने सांगितलं म्हणून विज्ञानात काही सिद्ध होत नाही. पुढची येळ अमावस्या दीड महिन्यावर आली होती. करायला हवं होतं ते सरळ होतं. आमच्याच रानाच्या अर्ध्या भागात चरग शिंपडायचं, अर्ध्यात नाही, आणि दोन्हीकडची माती आधी आणि नंतर तपासायची. त्यासाठी अप्पांना विचारावं लागणार होतं.

अप्पांना मी रात्री जेवताना विचारलं. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. अर्ध्या रानात आंबील न्यायची नाही म्हणजे काय, ते त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग ते म्हणाले, “पोटुशी बाईला अर्ध्या पोटी उठवायचं म्हणतीस व्हय?”

मी म्हटलं, अप्पा, ही माती आहे. तिला कळत नाही.

हे मी बोलायला नको होतं. अप्पा ताटावरून उठले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही, मी त्यांचीच मुलगी. मला वाटत होतं की सर आणि मॅडम परवडले, निदान ते तोंडाने भांडतात. सोलापूरला परत जायच्या दिवशी अप्पा मला स्टँडवर सोडायला आले. एसटी लागली तसं एकदम त्यांनी विचारलं की ती दह्यावरून हसली होती ती बाई कोण. अव्वाने सांगितलं होतं तर. मी म्हटलं, एक मोठ्या मॅडम आहेत. सगळे हसले का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळे.

“मग ठेव अर्धी उपाशी,” अप्पा म्हणाले. “तू खोटी न्हाईस ते दिसू दे त्यांना.”

मी तिथंच सांगायला हवं होतं की अप्पा, या प्रयोगातून मी खरी ठरणार नाही, माझं चुकलं होतं हेच बहुतेक दिसेल. एसटी लागली होती, कंडक्टर घाई करत होता, ही कारणं आता सांगण्यात अर्थ नाही. अप्पा माझ्या अब्रूसाठी रान उपाशी ठेवायला निघाले होते, आणि मी गप्प राहून ते ठेवू दिलं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी मी दोन्ही भागांतून माती घेतली. मधल्या बांधाच्या अलीकडं आंबील जाणार, पलीकडं नाही. दुसऱ्या दिवशी खोप बांधली, पूजा झाली, आणि अप्पा मडकं घेऊन निघाले. आरोळी देत ते बांधापर्यंत आले आणि थांबले. पलीकडच्या ज्वारीकडं त्यांनी पाहिलं नाही. तसेच मागं वळले. शेजारच्या रानातून काकांनी ओरडून विचारलं की ते का सोडलं, तर अप्पा सरळ खोपीकडं चालत राहिले. त्या दिवशी खोपीत कुणीच पोटभर जेवलं नाही. अव्वाने दोनदा वाढायला घेतलं आणि दोनदा पळी परत भांड्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती घेतली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. पिशव्यांवर मी नुसते आकडे टाकले आणि मोजायचं काम प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीला दिलं. कुठली पिशवी कुठली हे तिला सांगितलं नाही, म्हणजे उद्या माझ्या हाताचं नाव कुणी घ्यायला नको.

आदल्या दिवशी जिवाणू कुठंच नव्हता. दुसऱ्या दिवशी अलीकडच्या मातीत काचेच्या बशा भरून, पलीकडं एकही नाही. तीन आठवड्यांनी दोन्हीकडं पुन्हा शून्य. मॅडमची माणसं त्या आधीच्या वर्षी संक्रांतीनंतर, अमावास्या होऊन महिना उलटल्यावर गेली होती, म्हणून त्यांना काही सापडलं नव्हतं. मी खरं मोजलं होतं, त्यांनीही खरं मोजलं होतं. पाऊण तास भांडले ते दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडले.

मी हे सगळं लिहून सरांकडं नेलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले की एका रानातल्या एका प्रयोगावरून असं काही म्हणता येत नाही. मी म्हटलं, सर, आपण तर याहून कमी पुराव्यावर पावडर करायला निघालो होतो. ते म्हणाले की प्रकल्पाचा निर्णय पुढच्या महिन्यात आहे, तोवर हे कुणाला दाखवू नकोस, तुझ्या प्रबंधाचाही विचार कर. आवाज अगदी गोड होता. मला वाटलं, वही आपटली तेव्हा माफी मागायला लावणारा हाच माणूस. मी विचारलं, पावडर शेतकरी विकत घेतील आणि बियाण्याला चोळतील, त्याचं काय. सर म्हणाले, नुकसान तर काही होणार नाही ना. माझ्या काकांनी ती पावडर घेतली असती. माझ्या मामांनीही. त्यांच्याच आंबिलीतला जिवाणू डबीत भरून त्यांनाच विकला असता आणि नुकसान काही नाही.

दोन आठवड्यांनी त्याच सभागृहात पुन्हा सभा होती. मॅडमही आल्या होत्या. मला दहा मिनिटं दिली होती, प्रबंधाची प्रगती सांगायला. मी उठले आणि इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतून सांगितलं. येळ अमावस्या काय असते, आंबील कशी करतात, ती शिंपडून दुसऱ्या दिवशी मी माती कशी घेतली, आणि अर्धं रान कसं रिकामं ठेवलं.

मग सर उठले. ते म्हणाले की नमुने विद्यार्थिनीने गोळा केले होते आणि ही तिच्या पातळीवरची चूक आहे, त्यांना याची कल्पना देण्यात आली नव्हती. तीन वर्षं ‘आमचा शोध’ होता, तो एका वाक्यात ‘तिची चूक’ झाला. ते खोटं बोलले नाहीत. याचाच मला जास्त राग आला. चूक माझीच होती, ती मी आत्ताच सगळ्यांसमोर माझ्या तोंडाने सांगितली होती, आणि तरी त्यांना ती पुन्हा माझ्या पदरात टाकायची घाई होती.

मॅडम उठल्या. त्या म्हणाल्या, भेसळ आहे हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

“तुम्ही ते नाही सांगितलं,” मी म्हटलं. “तुम्ही माझा डबा काढलात. आमच्या गावात येऊन माती नेलीत, तेव्हा तिथल्या एका माणसाला विचारलं असतंत, तर चरग त्यानं सांगितलं असतं. आम्ही तिघांनीही विचारलं नाही. मला तर विचारायचीही गरज नव्हती.”

अध्यक्षांनी मला खाली बसायला सांगितलं. मॅडमनी माफी मागितली नाही. सरांनी मागितली नाही. संस्थेने मात्र मला पत्र दिलं की वरिष्ठांशी बोलताना भाषा जपावी आणि लेखी दिलगिरी द्यावी. दिली नाही. पावडरचा प्रकल्प बारगळला, पण लेख मागं घ्यायला सरांनी वर्ष लावलं, आणि मागं घेतला तोही दोन ओळींत, ज्यात आंबील नव्हती, अमावस्या नव्हती, अप्पांचं रान नव्हतं. ‘नमुना घेण्यातील त्रुटी’ एवढंच. तो लेख अजून कुणी ना कुणी आपल्या लेखात उद्धृत करतं. त्या दोन ओळी कुणी वाचत नाही. मला मार्गदर्शक बदलावा लागला, तीन प्रकरणं काढून टाकावी लागली. प्रबंध झाला, उशिरा झाला, दुसऱ्याच विषयावर झाला. त्याबद्दल मला आता फारसं काही वाटत नाही. खोटं बोलत असेन मी.

अप्पांना निकाल सांगायचा राहिला होता. तो मी फोनवर सांगितला नाही, गावी गेले. ते गोठ्यापुढं बसून दोरी वळत होते. मी म्हटलं, अप्पा, जिथं आंबील शिंपडली तिथं ते जंतू होते, जिथं नाही तिथं नव्हते. माझंच चुकलं होतं. हे मला आधीपासून वाटत होतं, पण तुम्हाला सांगितलं नाही.

त्यांनी दोरीचा पीळ हातात तसाच धरून ठेवला. “ज्यात घातलं त्यात निगालं, ज्यात न्हाय त्यात न्हाय,” ते म्हणाले. “हे मला इचारलं असतंस तर मी बसल्या जागी सांगितलं असतं. तिला कशाला उपाशी ठेवली?”

माझ्याकडं उत्तर होतं. सिद्ध करावं लागतं, अप्पा. नुसतं सांगून तिथं कुणी ऐकत नाही, तुमचं तर नाहीच. हे उत्तर बरोबर आहे, आजही मी तेच देईन. पण त्या दिवशी मी खाली बसून अप्पांच्या दोरीचं दुसरं टोक धरलं.

पुढच्या वर्षीच्या येळ अमावस्येला मी रिकाम्या हाताने गेले. पिशव्या नाहीत, बर्फाचा डबा नाही, वहीसुद्धा नाही. पूजा झाली. अप्पांनी मडकं उचललं आणि अलीकडचं सगळं रान सोडून सरळ बांध ओलांडून पलीकडं गेले. मी मागून गेले. तिथं त्यांनी मडकं माझ्या हातात दिलं, वर लिंबाची डहाळी ठेवली.

“आदी तिची माफी माग,” अप्पा म्हणाले.

मातीला कळत नाही, हे मला माहीत आहे. त्यावर माझी पदवी आहे. सर, मॅडम, संस्था, सगळ्यांनी माफी मागायला लावली किंवा मागायची टाळली, आणि मी कुणापुढं मनापासून मान तुकवली नव्हती. ज्वारी कमरेच्या वर आली होती, पोटरीत होती. मी डहाळी आंबिलीत बुडवली.

“चुकलं माझं,” मी म्हणाले, आणि पलीकडच्या कोपऱ्यापासून शिंपडायला सुरुवात केली.